छत्तीस डाग

तिसरा डाग साडेचार मिलिमीटर भरला. पहिले दोन बरोबर चारचे होते. भिंगातून पाहिलं तेव्हा तिसऱ्याची कडाही जरा कडक वाटली. डागाची कडा कशी, धुक्यातल्या दिव्यासारखी विरत जायला हवी. काचवाल्याने मोजपट्टी खाली ठेवली, रद्दीचा कागद बाजूला सारला आणि दुसरा घेतला.

विमान शेजारीच उभं होतं. खऱ्यापेक्षा अठ्ठेचाळीस पटींनी लहान, वीतभर लांबीचं. त्याच्या अंगावर फिकट राखाडी रंग चढून सहा महिने झाले होते. आता त्या राखाडीवर बारीक फवाऱ्याने हिरवट करडे डाग घालायचे बाकी होते, दोन्ही कुशींवर आणि शेपटीवर मिळून छत्तीस. असे डाग असले की विमान ढगांत आणि झाडीत मिसळून जातं, शत्रूला दिसत नाही. पण डाग एकदा घातला की घातला. म्हणून काचवाला सहा महिने रद्दीवरच हात साफ करत होता.

एकूण स्वभावच तसा. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तो सत्तावीस वर्षं करत होता. इतक्या वर्षांत त्याच्या हातून कधी काच फुटली नव्हती आणि तोंडातून कधी शब्द फुटला नव्हता. डोळे तपासणाऱ्या मॅडम अकरा वर्षं पलीकडच्याच खोलीत बसत. अकरा वर्षं त्याला त्यांना एक गोष्ट विचारायची होती. पंधरवड्यापूर्वी त्यांना लांबच्या शहरातल्या एका दवाखान्याने नोकरीला बोलावलं. उत्तर सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"जाऊ का हो मी? तुम्हाला काय वाटतं?" मॅडमनी मुद्दाम त्याच्या टेबलापाशी येऊन विचारलं होतं.

काचवाल्याने हातातली काच पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली आणि तो म्हणाला, "तिकडची हवा कोरडी आहे. डोळ्यांचे पेशंट भरपूर मिळतील."

तेव्हापासून तो स्वतःला शिव्या घालत होता. शेवटी शनिवारी संध्याकाळी, जिवाचा धडा करून, त्याने मॅडमना फोन लावला.

काचवाल्याची थोरली बहीण आणि तिचा नवरा खालच्या मजल्यावर राहत. ताई वाळलेले कपडे घेऊन जिन्याने वर येत होती. तिच्या कानावर पडलं ते एवढंच:

"उद्या येता का घरी? डाग घालायचेत... छत्तीस. हो, एकाच बैठकीत. तुम्ही समोर असलात म्हणजे माझा धीर होईल... आकार तुम्ही म्हणाल तसा... नाही, ताईला नाही बोललो अजून."

ताई मटकन पायरीवर बसली. तिच्या लेखी हिशेब सरळ होता. जो पडतो तो डाग कपड्यावरचा, आणि जो घालतात तो डाग सोन्याचा. ती आल्या पावली खाली गेली.

"अहो, ऐकलंत का? बाळ्याने छत्तीस डाग केलेत!"

"शर्टावर?" दाजींनी वर्तमानपत्रातून विचारलं.

"सोन्याचे हो! उद्या घालणार आहे. त्या डोळेवाल्या बाईंना."

वर्तमानपत्र खाली आलं. "छत्तीस? अगं, एका बाईच्या अंगावर छत्तीस डाग मावतील कुठे?"

"ते त्या बघतील. पंधरा वर्षं मी ह्याच्यासाठी स्थळं शोधतेय आणि ह्या मुखदुर्बळाने परस्पर जमवलं बघा! तुम्ही उद्या दाढी करा."

रविवारी अकराला मॅडम आल्या तेव्हा दाजी दाढी करून, ठेवणीतला कोट घालून खुर्चीत ताठ बसले होते. मॅडमच्या अंगावर मात्र रोजचेच कपडे होते. साधेपणा ताईला फार आवडला.

"या, या. बसा. मापं दिलीत का डागांची?"

"दिली ना," मॅडम म्हणाल्या. "कालच फोनवर सांगितलं. साडेचार मिलिमीटर जास्त होतात, चारच बरे."

ताईने दाजींकडे पाहिलं. "चार मिलिमीटर? अहो, लोकांना दिसणार तरी का?"

"दिसू नये म्हणूनच घालतात ना."

"बरोबर आहे," दाजींनी मान डोलावली. "चोरांचं भय."

"चोरांचं नाही हो, शत्रूंचं."

ताईला गहिवरून आलं. बिचारीला माहेरी किती सोसावं लागलं असेल! तिने मॅडमचा हात हातात घेतला. "ह्या घरात तुम्हाला कोण शत्रू? तुम्ही आपले चांगले ठसठशीत घाला. गळ्यात, हातात..."

"नाही, नाही, दोन्ही कुशींवरच असतात ते," मॅडम समजावून सांगू लागल्या. "आणि थोडे शेपटीवर."

"शेपटीवर?"

दाजींना ठसका लागला. तेवढ्यात जिन्यावर काचवाला दिसला. नाकातोंडावर रंगकामाची मुखपट्टी, हातात राखाडी विमान.

"मॅडम, वर येता? रंग कालवलाय."

ताईने विमानाकडे पाहिलं, मग भावाकडे. "बाळ्या, डाग ह्याला घालणार आहेस?"

"हो. का?"

"मला वाटलं..." ताई पदराशी चाळा करू लागली. पण दाजींची दाढी फुकट गेली होती. त्यांनी वाक्य पुरं केलं.

"हिला वाटलं, तू लग्नाचे दागिने केलेस. मॅडमसाठी. छत्तीस."

काचवाल्याचे कान लाल होत गेले. मॅडम आधी हसल्या, अगदी मोकळेपणाने, आणि मग एकदम थांबल्या. पर्स उचलत म्हणाल्या, "चला, वर चला. उद्या मला होकार कळवायचाय. आज विमान तरी बघून घेते."

वर काचवाल्याने फवाऱ्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर सुरू केला. रंग दुधाइतका पातळ झाल्याची खात्री केली, रद्दीवर एक डाग घातला, मग दुसरा.

"चांगले आलेत की," मॅडम यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून म्हणाल्या. "घाला आता विमानावर."

"अजून एक कागद..."

"अहो, मी दुपारच्या आत जाणार आहे."

काचवाल्याने विमान डाव्या हातात धरलं. शेपटीपासून दीड सेंटिमीटरवर फवारा आणला, आधी नुसती हवा सोडली आणि मग कळ केसभर मागे ओढली. करडा डाग उमटला. गोल, मऊ कडांचा. त्याच्याशेजारी दुसरा, मग जरा तिरका तिसरा. मॅडम त्याच्या खांद्याशी वाकून पाहत होत्या. दारात ताई उभी होती आणि ताईच्या मागे कोट.

सातव्या डागानंतर काचवाला मुखपट्टीआड काहीतरी बोलला.

"काय म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

तो पुन्हा बोलला. कॉम्प्रेसर घरघरत राहिला.

"काय म्हणाला? काय म्हणाला तो?" ताई दारातून.

"अगं, तू गप्प बसलीस तर कळेल!" दाजी.

काचवाल्याने विमान टेबलावर ठेवलं, फवारा जागच्या जागी अडकवला आणि कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. मुखपट्टी हनुवटीखाली ओढली. गालांवर तिच्या काठाचा वळ उठला होता. आवाज त्याने यंत्राच्या मापाने लावला होता, आणि यंत्र तर बंद झालेलं. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच तो एवढ्या मोठ्याने बोलला, की खाली रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला पाय टेकून वर बघू लागला.

"मॅडम, तिकडे जाऊ नका. माझ्याशी लग्न करा."