हॅल्वरचा बर्थ

"हे पण काढायचं म्हणतायत," एमेट वरून म्हणाला आणि हातोडीच्या दांड्यानं आतल्या फळीवर ठकठक केलं. "गुरुवारी. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर माझ्या नावानं खडे फोडाल."

"कोण म्हणतंय?"

"कोण म्हणणार? मालक. पुढच्या खोलीत बायकोसाठी न्हाणीघर करायचंय. गरम पाण्याचा शॉवर असेल तरच ती बोटीवर पाय ठेवणार."

मी शिडीखाली उभी होते. लिनेट ही बोट शरद ऋतूपासून त्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली होती, आणि खालून बघताना मला ती अजूनही लहानपणाएवढीच मोठी वाटायची. एमेट लहान असताना मी चालवायचे त्या शाळेच्या बसमध्ये असायचा, शेवटच्या सीटवरून पुढच्या पोरांच्या टोप्या उडवायचा. आता दाढी पिकली, बोटी दुरुस्त करणाऱ्यांत त्याचं नाव झालं, तरी मला तो ड्रायव्हरबाईच म्हणतो. माझा आवाज चढला की अजूनही सरळ उभा राहतो.

"तिथं माझे वडील झोपायचे," मी म्हणाले.

"माहीत आहे हो," तो म्हणाला. "म्हणूनच सांगतोय."

लिनेट दुसऱ्या महायुद्धाच्या आधी लाकूडगिरणीच्या प्रुइटांसाठी बांधली गेली. देवदाराच्या फळ्यांचं अंग, महोगनीच्या केबिनी, पितळेच्या खिडक्या. दर उन्हाळ्यात प्रुइट कुटुंब तिच्यातून उत्तरेकडच्या बेटांवर जायचं, पार कॅनडाच्या खाड्यांपर्यंत, आणि त्यांच्याबरोबर माझे वडील जायचे, हॅल्वर हॉगलंड. बोटीवरचे एकुलते एक खलाशी. इंजिन तेच चालवायचे, नांगर तेच टाकायचे, डेक धुवायचे, मासे साफ करायचे, प्रुइटांच्या मुलांना पोहायला शिकवायचे. मला पोहता येत नाही. असे बावीस उन्हाळे गेले. बाकीचं वर्ष ते गिरणीच्या दुरुस्तीखात्यात असायचे. प्रुइटांच्या एवढ्या फोटोंत ते एका ठिकाणी दिसतात, तेही कोपरापासून पुढे, हातात दोर धरलेले.

लिनेट सडायला लागली तेव्हा कर्टिस व्हिटलोनं ती घेतली. हा दातांचा निवृत्त डॉक्टर, बुटका, नीटनेटका आणि मनानं बरा. त्याला एकच वेड होतं: बोट प्रुइटांच्या वेळी होती तशीच्या तशी करायची. चर्चमध्ये कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं, तेव्हा तो घरी आला, लेफ्सा, म्हणजे आमच्या नॉर्वेकडच्या बटाट्याच्या पोळ्या, खाल्ल्या आणि विचारत बसला. मोठ्या केबिनमधल्या गाद्या कुठल्या रंगाच्या होत्या? किटली कुठं लटकायची? घंटा कुठल्या बाजूला होती?

मला सगळं आठवत होतं. प्रुइट यायच्या आदल्या दिवशी आई आणि मी बोटीवर जायचो, पितळ घासायचो, मागच्या केबिनमधल्या बिछान्यांवर पांढऱ्या चादरी घालायचो. गाद्या हिरव्या होत्या. लाल म्हणणाऱ्याला काही कळत नाही. फक्त नाळेतल्या, म्हणजे अगदी पुढच्या टोकाच्या, त्या खोलीत मी कधी गेले नाही. बाबा दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "तिथं बघण्यासारखं काही नाही."

कर्टिसला मी सर्वांत आधी काय दाखवलं असेल तर स्वयंपाकघराच्या टोकाचं ते उंच कपाट. प्रुइटबाईंनी डेकवर बसायला नव्या घडीच्या खुर्च्या आणल्या, त्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून एका वसंतात बाबांनी ते केलं. त्याची दारं आमच्याच स्वयंपाकघरात तयार झाली. मी सात-आठ वर्षांची असेन. टेबलावर वर्तमानपत्र पसरून बाबा पॉलिशकागदानं घासत बसायचे, आणि मला दारावरून गाल फिरवून सांगायला लावायचे, कुठं खरखरीत लागतंय का. प्रुइटबाई त्या दारांचं कौतुक येईल त्याच्याजवळ करायच्या. अख्ख्या बोटीवर माझ्या बापाच्या हातचं म्हणावं असं तेवढंच होतं. एमेटनं त्यांच्यावर व्हार्निशचे इतके हात चढवले की माझं तोंड दिसायचं.

म्हणून मला राग आला. कपबशीचे हुकसुद्धा शोधून जागच्या जागी लावले, आणि काढायचं ते नेमकं एकाच माणसाचं अंथरूण. त्या दुपारी कर्टिस शेडमध्ये आला तसं मी त्याला गाठलंच.

"मिस हॉगलंड, मी त्यांना विसरणार नाही," तो म्हणाला. "दारावर पितळी पाटी लावू. नाव, वर्षं, सगळं."

"पाटीवर झोपता येत नाही."

तो हसला आणि मग हसायचं थांबला. "पण तिथं आता झोपणार तरी कोण? आम्ही काही खलाशी ठेवणार नाही."

"घंटा तरी कोण वाजवणार आहे? लावलीत ना?"

एमेट पाठ करून रंधा चालवायला लागला. कर्टिसनं टोपी काढली, परत घातली. "बायकोशी बोलतो," तो म्हणाला. "पण वचन देत नाही."

इथं बाबांच्या झोपण्याविषयी सांगायला हवं. बाबा उंच होते, चर्चच्या तळघरात कॉफीला जाताना मान वाकवून शिरावं लागे. आईनं हौसेनं त्यांच्या मापाचा लांब पलंग करून घेतला होता, वर घोड्याच्या केसांची भरीव गादी. आणि बाबा झोपायचे कसे, तर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, सगळे वरच्या अर्ध्यात. "खालचा अर्धा पलंग भाड्यानं देऊ का?" आई म्हणायची. "मला असंच बरं वाटतं," बाबा म्हणायचे. कुणी घोरतं, कुणी झोपेत बोलतं, आमचे बाबा मुटकुळं करतात, असं आमच्या घरात चाललेलं. शेवटी इस्पितळात नर्सबाई पाय सरळ करून पांघरूण घालायची, ती वळली की गुडघे परत वर. शवपेटीत मात्र ते सरळ होते. आई बराच वेळ बघत राहिली आणि अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला म्हणाली, "हे असे झोपत नाहीत." तो हळू आवाजात म्हणाला, सगळ्यांना असंच ठेवतात. आई परत म्हणाली, "पण हे असे झोपत नाहीत." मी तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं.

गुरुवारी मी सकाळीच शेडमध्ये गेले. कर्टिसचा पत्ता नव्हता. एमेट कटावणी घेऊन बसलेला, पण हात लावलेला नव्हता.

"वाट बघतोय त्यांची," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही आत जाऊन बघितलंय का कधी?"

"नाही."

"कमाल आहे. इतकं भांडताय त्या खोलीसाठी. चला, शिडी धरतो."

सुकाणूच्या खोलीतून खाली उतरलं की स्वयंपाकघर, टोकाला ते कपाट, आणि कपाटाशेजारी एक बुटकं दार. आत दोन्ही बाजू पुढे एकत्र येत गेलेल्या, त्यामुळं खोली तीनकोनी. इथं महोगनी नाही, व्हार्निश नाही, करडा रंग नुसता. उजवीकडे नांगराच्या साखळीची पेटी. डावीकडे फळ्यांचा बर्थ. वर एक खिळा, टोपीचा असावा. गंज आणि जुन्या तेलाचा वास येत होता, आणि तो वास बाबांच्या कोटाला यायचा तोच होता.

बर्थ बघून मला वाटलं, हा पोराबाळांसाठी असेल. मी उंचीला बाबांवर गेलेय. बूट काढले आणि आडवी झाले. डोकं स्वयंपाकघराकडच्या लाकडी पडदीला लागलं आणि पाय पुढं बोटीच्या बरगडीवर आपटले. उताणी होऊन गुडघे वर घेतले तर ते वरच्या तुळईला लागले. उजव्या कुशीला वळले, तर पोटाशी ओढलेले गुडघे साखळीच्या पेटीवर आदळले. मग डावीकडे वळले आणि गुडघे पोटाशी घेतले.

तेव्हा मी मावले.

ते मुटकुळं माझ्या ओळखीचं होतं. हिवाळ्यात शाळेला निघताना आईबाबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं असायचं, आणि मी ते रोज बघायचे. आम्ही त्याला हसायचो. तोंड भिंतीकडे होतं, तरी मी हातानं झाकून घेतलं.

"ड्रायव्हरबाई?" एमेट दारातून म्हणाला. "बरं आहे ना?"

"हा एवढाच बांधला होता? आखूड?"

तो वाकून आत आला. टॉर्च लावून त्यानं माझ्या डोक्याकडच्या फळ्यांवरून बोट फिरवलं.

"नाही," तो म्हणाला. "या फळ्या नंतर कापल्यात. बोट बांधणाऱ्यांनी टोकं गोल केली असती. आणि ही पडदी बघा, हिचे स्क्रू वेगळे आहेत. ती मागं होती आधी, हातभर तरी. कपाटासाठी पुढं सरकवलीय."

"कुठलं कपाट?"

मी उगाच विचारलं. पलीकडे एकच कपाट होतं.

एमेटनं टॉर्च बंद केला. "काम मात्र सफाईचं केलंय," तो हळूच म्हणाला. "एवढा बारीक सांधा सांगितल्याशिवाय दिसणार नाही."

प्रुइट वाईट नव्हते. नाताळला त्यांच्याकडून केक यायचा, आई आजारी पडली तेव्हा त्यांनी आपला डॉक्टर पाठवला. त्यांना कळलंही नसेल. जागा कुठून काढायची हे त्यांनी विचारलं नसणार, आणि बाबांनी सांगितलं नसणार. घडीच्या खुर्च्या ऐसपैस राहाव्यात म्हणून माझ्या बापानं स्वतःचं अंथरूण स्वतःच्या करवतीनं कापलं, आणि घरी येऊन त्या कपाटाच्या दारांवरून माझा गाल फिरवून घेतला. मला बाबांचा इतका राग आला की क्षणभर प्रुइटांचा विसर पडला.

कर्टिस आला तेव्हा मी बर्थच्या कडेला बसले होते. त्याचा चेहरा खुललेला होता.

"मिस हॉगलंड, बायको म्हणाली, बंदरावर जाऊन अंघोळ करीन, पण म्हाताऱ्याचं अंथरूण मोडू नका. तेव्हा खोली राहणार. आहे तशी." त्यानं कौतुकानं इकडं तिकडं पाहिलं. "जरा सरकता?"

मी उठले तसा तो बर्थवर आडवा झाला. बुटका असल्यामुळं तो जेमतेम मावला, हात छातीवर घेऊन. "वाईट नाही हं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं आहे."

"हॅल्वर माझ्यापेक्षा उंच होते," एमेट दारातून म्हणाला. त्याला दारात मान वाकवून उभं राहावं लागत होतं.

कर्टिसनं त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे. मी त्याला फळ्यांची कापलेली टोकं दाखवली, पडदी दाखवली, खुर्च्यांचं सांगितलं. तो उठून बसला नाही, पडूनच ऐकत राहिला.

"आहे तशी नको," मी म्हणाले. "पडदी मागं न्या."

"म्हणजे कपाट मोडायचं."

"हो."

"पण त्यांच्या हातचं तेवढंच आहे बोटीवर. तुम्हीच म्हणालात. येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ती दारं दाखवता."

"यापुढं नाही दाखवणार."

"इथं कुणी झोपणार नाही, मिस हॉगलंड. मी सांगितलंय तुम्हाला."

"मला कळतं ते," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण एमेट सरळ व्हायला गेला आणि त्याचं डोकं आपटलं.

कर्टिस उठला. बाहेर जाऊन त्यानं कपाटाची दोन्ही दारं उघडली, मिटली, परत उघडली. ती आवाज न करता फिरली.

"किती वेळ लागेल?" त्यानं एमेटला विचारलं.

"पडदीला? एक सकाळ."

"एवढंच?"

"एवढंच," एमेट म्हणाला.

त्यानं लगेच बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला घेतले. मी दारं धरली. आतल्या बाजूला व्हार्निश नव्हतं, कारण तिकडं कुणी बघत नाही, पण घासलेलं तितकंच होतं. मी गाल लावून पाहिलं नाही. दोघांच्या देखत ते मला जमलं नसतं.

मे महिन्यात लिनेट पाण्यात उतरली. पहिले काही दिवस तिच्यात पाणी झिरपतं, फळ्या फुगून फटी मिटेपर्यंत पंप चालू ठेवायला लागतो. कर्टिस धास्तावून दर घटकेला खाली वाकून बघायचा, आणि एमेट त्याला लहान मुलासारखं समजवायचा. मला त्यांनी मोठ्या केबिनमध्ये हिरव्या गादीवर बसवून कॉफी दिली. त्या गादीवर मी त्याआधी कधी बसले नव्हते, नुसती झटकली होती. निघताना पुढं जाऊन आले. पडदी मागं गेलेली, बर्थवर नवी गादी, खिळ्याला कर्टिसनं कुठलीशी जुनी खलाशाची टोपी अडकवलेली. टोपी मी काढून त्याच्या हातात दिली. बाबा तसली घालत नसत. त्यानं मुकाट्यानं घेतली.

घरी आले तेव्हा अजून उजेड होता. ती दारं स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवलीत, अजून त्यांचं काय करायचं ते सुचलेलं नाही. मी आत गेले. तो लांब पलंग अजून आहे, गादीही तीच. आई गेल्यापासून मी त्यावर झोपते, पण आईच्या बाजूला. त्या दिवशी बूट काढून बाबांच्या बाजूला आडवी झाले आणि पाय सरळ केले. कमरेखाली, खांद्याखाली गादी दबून खोलगट झालेली होती. गुडघ्यांपासून पुढं पायथ्यापर्यंत मात्र ती दुकानातून आणल्यासारखी टणक होती, आणि माझ्या टाचा वर उचललेल्या राहिल्या.