डाव्या पायाची पट्टी

मॅरनने कोल्बची डावी टाच आपल्या पोटाशी टेकवली आणि पांढऱ्या पट्टीचा पहिला वेढा घोट्याभोवती घातला. आधी डावा पाय, मग उजवा. गेली दोन वर्षं हा गडी शक्यतो दुसऱ्या कुणाला पायाला हात लावू देत नव्हता. ती अजून उपचार शिकणारी विद्यार्थिनी, पण तिने पट्टी बांधली की पाय मुरगळत नाही, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. अमेरिकन फुटबॉलवाल्यांचा चर्चवर नसेल एवढा विश्वास असल्या गोष्टींवर असतो.

"घट्ट होतंय?" तिने विचारलं.

"नाही, झकास. मधे एकदा त्या नवीन पोराने बांधली, तर पाय नुसता बधिर झाला."

मॅरनने पुढचा वेढा घातला. बधिर होणं म्हणजे काय हे तिला सध्या चांगलं कळत होतं.

मॅरनच्या मैत्रिणीचा, डेलियाचा, जबडा मोडल्याचा गुन्हा पोलिसांनी कोल्बवर नोंदवला, त्याच दिवशी विद्यापीठाने पत्रक काढलं. आरोप आम्ही गंभीरपणे घेतो, खेळाडूला अनिश्चित काळासाठी निलंबित केलं आहे, वगैरे वगैरे. अनिश्चित काळ म्हणजे दोन सामने निघाले, तेही लिंबूटिंबू संघांबरोबरचे. सराव तर त्याने एकही दिवस चुकवला नाही, फक्त मागच्या दाराने यायचा. मग नदीपलीकडच्या विद्यापीठाशी सामना आला. या गावात वर्षभर त्याच एका सामन्याची वाट बघतात. प्रशिक्षकांनी पत्रकारांना सांगितलं की कायदा कायद्याचं काम करील, पोरावर अजून काही सिद्ध झालेलं नाही. झालं, निलंबन संपलं.

डेलिया मॅरनबरोबर एकाच घरात राहायची. उन्हाळ्यापासून तिचं कोल्बशी जमलं होतं. ती दारू पिऊन पायऱ्यांवरून पडली, असं कोल्बचं म्हणणं. त्याने मारलं, असं तिचं. बघितलेलं कुणीच नव्हतं. डॉक्टरांनी तारेने दात आवळून टाकले होते, त्यामुळे तिला बोलतासुद्धा धड येत नव्हतं.

मॅरनने मात्र एक गोष्ट बघितली होती.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, सगळे खेळाडू दुखणीखुपणी दाखवायला उपचाराच्या खोलीत येतात. डेलियाचा जबडा मोडला त्याच्या दुसऱ्या सकाळी कोल्ब असाच दुखरा उजवा हात घेऊन आला होता. बोटांच्या सांध्यावर दोन जखमा, शेजारी शेजारी, किंचित बाकदार. मॅरनने हात दिव्याखाली धरला. माणसाच्या दाताची जखम कशी दिसते, ती का अंगावर काढायची नाही, हे उपचाराच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. तिने विचारलंही. तो हसून म्हणाला, हेल्मेटवर आपटला. तिने जखम धुतली, औषध लावलं, वर छान पट्टी बांधली. दुपारी इस्पितळातून फोन आला, तेव्हा तिला कळलं की आपण कुणाच्या दातांची खूण धुतली.

ती तशीच व्हेलनकडे गेली. व्हेलन उपचार विभागाचा प्रमुख, वीस वर्षं तिथेच मुरलेला माणूस. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"या खोलीत दिसतं ते या खोलीतच राहतं, मॅरन. खेळाडूंचा आपल्यावर विश्वास असतो. डॉक्टर कधी चावडीवर बोलतो का?"

बोलणं अगदीच खोटं होतं असंही नाही, हीच तर पंचाईत होती. वसंतात तिला परवान्याची परीक्षा द्यायची होती आणि तिच्या अर्जावर सही लागायची ती व्हेलनची. त्याने सहीचा विषयसुद्धा काढला नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या हातात संघाचं जाकीट दिलं, छातीवर तिचं नाव शिवलेलं. विद्यार्थ्यांना ते कधी मिळत नाही. तिने घातलं. थंडीही पडली होती.

तेव्हापासून तिला रडू येत नव्हतं आणि रागही येत नव्हता. घरी गेली की सूप मिक्सरमधून काढायची, गाळायची, नळी घालून डेलियाच्या हातात द्यायची आणि पेला विसळून ठेवायची.

कोल्ब तिच्याकडे बघत होता. आवाज खाली आणून म्हणाला, "तू कुणाला बोलली नाहीस. मी विसरणार नाही ते."

"उजवा पाय दे," मॅरन म्हणाली.

तिने उजवा पाय बांधला. त्याने बूट चढवल्यावर बुटांवरूनही पट्टी गुंडाळली, त्याला आवडायची तशी. काम अगदी नेटकं झालं.

सामना संघाने जिंकला. शेवटच्या चढाईत समोरच्याला आडवा पाडला तो कोल्बनेच, आणि सगळं मैदान त्याच्या नावाने ओरडत उभं राहिलं. व्हेलनने मॅरनच्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा डेलिया सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती. टीव्ही चालू, आवाज बंद.

"जिंकलात," डेलिया आवळलेल्या दातांमधून म्हणाली.

"हो. सूप करू?"

"पट्टी तू बांधलीस त्याला."

मॅरन जागच्या जागी उभी राहिली. दुसऱ्या वर्षाला असताना ती पट्टी बांधायला शिकली ती डेलियाच्याच पायावर. याच सोफ्यावर डेलिया तिच्या मांडीवर पाय टाकून मालिका बघायची आणि म्हणायची, अगं बाई, माझा पाय आहे, पार्सल नाही.

"शेवटचा वेढा तू आतल्या बाजूला वळवतेस," डेलिया म्हणाली. "टीव्हीवर दिसत होता."

ती चिडलेली नव्हती, नुसती सांगत होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"त्या रविवारी त्याचा हात मी धुतला," मॅरन म्हणाली. "सांध्यावर दाताच्या खुणा होत्या. मी धुतल्या. व्हेलनला माहिती आहे."

डेलियाने टीव्ही बंद केला.

"हे पोलिसांना सांगशील?"

"मग व्हेलनची सही गेली," मॅरन म्हणाली. आणि मग, "सांगेन."

"आधी ते जाकीट काढ."

मॅरनने चेन खाली ओढली. जाकीट खुर्चीवर पडलं. आत टी-शर्ट होता, तोही संघाचाच. तिने खाली बघितलं आणि तोही डोक्यावरून काढला. मग ती दिवाणखान्यात कमरेच्या वर नुसत्या आतल्या कपड्यावर उभी राहिली आणि तिचे दात वाजायला लागले.

डेलिया उठली. पायांवरचं पांघरूण तिने मॅरनच्या खांद्यावर टाकलं, पोलिसांतल्या तपास करणाऱ्या बाईंचा नंबर लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला.