माझं पोपटी बोनेट

मी केशोरीच्या केवळरामांची गाडी बोलतेय. कागदावर आता मालक दुसरे आहेत, पण सवयीने तोंडात तेच नाव येतं. दोनच माणसं बसतील एवढी मी, जमिनीला पोट टेकेल की काय अशी ठेंगणी, छत काढून ठेवता येणारी! केशोरीच्या रस्त्यावरून मी निघाले की चरणाऱ्या बकऱ्यासुद्धा मान वर करून पाहायच्या. उगाच नाही सांगत!

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. इंग्लंडातल्या एका कारखान्यात माझ्या पत्र्यावर गर्द हिरवा रंग चढला. थरावर थर देऊन तो भट्टीच्या उबेत वाळवला होता. धान पोटरीला आलं की आमच्याकडच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, जशी दाट हिरवी दिसतात, अगदी तसा. पुढे केशोरीला आले आणि पहिल्यांदा ते धान पाहिलं, तेव्हा वाटलं, अरे, ही तर माझीच माणसं!

मला भारतात आणलं ते गोंदियाच्या एका तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराने. फार शौकीन माणूस. त्यांनी केवळरामांना ड्रायव्हर म्हणून ठेवलं खरं, पण चाक काही सोडलं नाही. मालक गाडी चालवायचे आणि ड्रायव्हर शेजारी बसायचा! बाजारातले लोक हसायचे, "शेठजी, केवळरामची नोकरी करता काय?" शेठजीही हसायचे. पुढे त्यांची नजर अधू झाली. मुलांना चार दारांच्या मोठ्या गाड्या हव्या होत्या. तेव्हा शेठजींनी माझे कागद केवळरामांच्या नावावर केले आणि म्हणाले, "मुलांकडे राहिली तर ही भंगारात जाईल. तू घेऊन जा."

अशी मी केशोरीला आले. धानाच्या पोत्यांशेजारच्या शेडमध्ये राहिले. कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली, उंदरांनी वायरी कुरतडल्या. पण केवळरामांनी मला कधी मरू दिलं नाही. इंजिन चालू करायचे, ऐकायचे, बंद करायचे. भीमजयंतीच्या मिरवणुकीत मात्र मी सगळ्यात पुढे! निळे झेंडे, डफड्यांचा ठेका, मागे अख्खा मोहल्ला. वर्षाची सगळी मरगळ त्या एका दिवसात झडून जायची.

आता अल्काबद्दल सांगते. केवळरामांची ही मुलगी गावातल्या बायकांचा बचत गट चालवते. या बायका धान पिकवतात, पण भरडायला दूरच्या गिरणीवर नेतात. कोंडा गिरणीवाला ठेवून घेतो, वरून तांदळात कणीच जास्त. अल्काच्या मनाने घेतलं की गिरणी आपल्याच गावात, आपल्याच शेडमध्ये हवी. बायकांनी जमेल तेवढं जमवलं, तरी पुरेना. मग एके सकाळी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि बापाला म्हणाली, "बाबा, हिले विकू काय?"

केवळरामांनी माझ्या सीटवरची कोंबडी हाकलली. मग म्हणाले, "शेडमंदी उभी राहून तं म्हातारीच होऊन राहिली. वीक. पन चांगल्या घरी दे."

अल्काने नागपूरचं गिऱ्हाईक शोधलं. हिमांशू नाव, जुन्या गाड्या जमवणारा. फोनवर त्याने इंजिनाचं विचारलं नाही, टायरचं विचारलं नाही. पहिला प्रश्न, "ताई, रंग कारखान्यातलाच आहे ना?" अल्का म्हणाली, "तोच हाय." रविवारी पाहायला येतो, असं ठरलं.

आणि इथेच घोळ झाला! अल्का गिरणीचं यंत्र पाहायला अर्जुनीला गेली होती. केवळरामांचे वडील बैलबाजारात बैल नेत. बाजाराआधी बैल धुवायचा, शिंगं घासायची, रंगवायची, गळ्यात नवी दोरी बांधायची, ही त्या घरची रीत. केवळरामांनी माझ्याकडे पाहिलं. रंगावर बारीक भेगा होत्या, एका दाराशी ओरखडा होता. त्यांनी मेव्हण्याला, टिकारामला, बोलावलं. टिकाराम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो.

"मानूस पाहाले येऊन राहिला अन् हिचं रूप असं! शिंगं रंगवल्याबिगर बैल कोनी बाजारात नेते काय?"

"नाही नेत, भाऊजी. माझ्याकडं ट्रॉलीचा हिरवा उरला हाय."

"तो तं पोपटी दिसते."

"हिरवा तो हिरवाच. ऊन लागलं का बसते बरोबर."

टिकारामने माझ्या बोनेटवर घासायचा कागद चालवला. आधी गुदगुल्या झाल्या. मग आग! त्या दूरच्या भट्टीत मिळालेला माझा रंग भुकटी होऊन चाकांवर पडत होता, आणि मला ओरडता येत नव्हतं. पत्रा उघडा पडला. मग फुस्स फुस्स करत पोपटी रंग बसला. रंगाची बंदूक दाराकडे वळली, तेवढ्यात अल्का आली.

"मामा! बंद करा ते! कायले करून राहिले हे?"

"अवो, नवरी पाहाले येऊन राहिले ना? पावडर तं लावाच लागन."

"पावडर पुसता येते, मामा! तुमी तिचं कातडं सोललं!"

"मांगून एक मोर बी काढतो म्हनत होतो..."

"मोर!" अल्काने कपाळावर हात मारला.

केवळराम पुढे झाले. "त्याले नोको बोलू. म्याच सांगतलं. चांगलंच कराले गेलो, बाई." त्यांचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

अल्काने टिकारामच्या हातातली बंदूक काढून बाजूला ठेवली. मग तिने फोन काढला आणि हिमांशूला सरळ सांगून टाकलं. "बोनेट रंगवलं गेलं. पोपटी. मूळचा रंग घासून गेला. बाकी अंग तसंच हाय." माझा तर जीव टांगणीला! पलीकडून हसण्याचा आवाज आला. "पोपटी? ताई, आता तर यावंच लागेल."

रविवारी हिमांशू आला. बोनेट पाहून त्याने आधी डोळेच मिटले. मग खिशातून एक छोटं यंत्र काढून माझ्या अंगाला ठिकठिकाणी टेकवलं. रंगाचा थर किती जाड आहे ते त्याला त्यात दिसायचं. दारं, मागची बाजू, चाकांवरचे पत्रे, सगळीकडे माझा जन्माचा रंग निघाला.

"काका," तो केवळरामांना म्हणाला, "पूर्ण रंगवली असती ना, तर मी पाणी पिऊन परत गेलो असतो."

"काऊन? नवा रंग तं चांगला दिसते."

"दिसतो. पण त्याच्याखाली गंज आहे की पुट्टी भरलीय, कोण सांगणार? गाडी सडलेली असती आणि नीट दुरुस्त करून त्याच छटेत रंगवली असती, तर माझी ना नव्हती. चांगल्या अंगावर चुकीचा रंग दिला की किंमत उतरते. या भेगा आहेत ना, त्याच सांगतात की गाडी खरी आहे."

बोनेटापायी त्याने किंमत उतरवली. उतरवलेल्या पैशांत गिरणी येत होती, पण तिची मोटर येत नव्हती. शेडच्या दाराशी गटाच्या बायका उभ्या होत्या. मोटरीवाचून गिरणी म्हणजे नुसतं लोखंड, हे सगळ्यांना कळत होतं.

अल्काने किल्ली उचलली. "आधी बसा तं खरं."

आणि मग काय सांगू! तिने मला नवेगावबांधच्या रस्त्याला घातलं. दोन्ही बाजूंनी जंगल, वर उघडं आभाळ, मोहाच्या झाडांचा वास. माझं इंजिन असं गायला लागलं की मला माझं वयच आठवेना. वळणावर मी रस्त्याला चिकटून फिरले. हिमांशूने दार घट्ट धरलं.

"ताई, हळू!"

"हळू कायले? एवढी वर्सं हळूच तं जगली बिचारी!"

तो घाबरत होता आणि हसतही होता. अल्काने मध्येच विचारलं, "नागपूरले कशी न्याल?"

"बंद ट्रकमध्ये. अशी गाडी कोणी रस्त्याने नेत नाही. खर्च होतो, पण काय करणार?"

अल्काने ब्रेक दाबला. धूळ उडाली. "तो ट्रक करूच नोका. बाबा चालवत आनून देतेत. बोनेटापायी कापले तिथं ट्रकचे वाचलेले पैसे टाका, मंग मोटर येते."

"एवढ्या लांब? रस्त्यात बंद पडली तर?"

"तं बोनेटाचे पैसे कापा. मी तोंड उघडनार नाही."

हिमांशूने माझ्या स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवला. इंजिनाची थरथर त्याच्या हातात जात होती. "कबूल," तो म्हणाला.

आता सगळं माझ्यावर होतं. मी, शेडमध्ये अंडी सांभाळणारी! ज्या सकाळी निघालो, त्या सकाळी केवळरामांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, शेजारी अल्का बसली होती. साकोलीजवळ मला धाप लागली. केवळराम थांबले, पाणी घातलं, मला थंड होऊ दिलं. "चाल वो माय," एवढंच म्हणाले. भंडाऱ्याच्या अलीकडे मोठमोठे ट्रक भोंगे वाजवत बाजूने गेले, मोटारसायकलवरची पोरं माझं पोपटी बोनेट पाहून ओरडली, "ओ काका, तोता कितने का?" हसोत! वैनगंगेचा पूल मी एका दमात ओलांडला आणि दुपारी हिमांशूच्या दारात जाऊन उभी राहिले. बंद न पडता!

केवळरामांनी किल्ली दिली. जाताना बोनेटवर हात फिरवून मला म्हणाले, "नीट रंगवून घेजो." मग बापलेक बसस्टँडकडे निघाले. अल्का चालता चालताच मोटरवाल्याला फोन लावत होती.

आज सकाळी हिमांशूच्या फोनवर केशोरीचा व्हिडिओ आला. माझ्या शेडमध्ये गिरणी उभी आहे. मोटर घरघरते, तांदूळ पडतो, बायका टोपल्या पुढे करतात आणि कोंडासुद्धा आपल्याच पोत्यात भरतात. केवळराम त्या आवाजाशी कान लावून उभे आहेत. मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. माझ्या इंजिनापेक्षा मोठा आहे, पण मला मुळीच हेवा वाटला नाही!

इथला कारागीर माझ्या दारावरच्या रंगाशी छटा जुळवून पाहतोय. जुळली की बोनेट पुन्हा गर्द हिरवं होईल. कारखान्यातला रंग काही परत येणार नाही, आणि हिमांशू मला पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतो. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं जुनं काही उभं असेल. रंगाचा डबा उघडण्याआधी एकदा विचारा, भेगा जवळून पाहा. आणि मुख्य म्हणजे, त्याला दाराबाहेर काढा!

हिमांशूभाऊ, रविवार आहे, ऊन पडलंय. किल्ली लावा ना!