बोटभर फुगवटा

थोरल्याने वल्हं जमिनीवर आपटलं.

"उजवीकडे ओढते! नवीकोरी होडी, आणि सरळ जाईना. त्या नावाड्यासमोर नाक कापलंस माझं."

धाकटा भाऊ मान खाली घालून वाकडे खिळे ठोकून सरळ करत राहिला. होडीची डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची, ही वडिलांनी लावून दिलेली वाटणी. ही होडी मात्र दोघांनी अबोल्यातच बांधली होती. बरगड्या तासताना वडिलांचा लाकडी साचा लावून बघू, एवढंच धाकटा म्हणाला होता. ते थोरल्याच्या जिव्हारी लागलं. त्याचा सगळा कारभार नजरेचा. त्याने चारचौघांत भावाची अक्कल काढली, आणि धाकटा घरी गेल्यावर गुपचूप साचा उतरवून आपली बाजू त्याबरहुकूम तासली. उद्या कुणी बोट दाखवायला नको.

आता होडी ती बांधून घेणाऱ्या नावाड्याकडून परत येऊन अंगणात पालथी पडली होती आणि थोरल्याच्या अंगाचा तिळपापड होत होता. त्याने भिंतीवरचा साचा ओढला, डाव्या बाजूवर टेकवला. चपखल बसला. उजव्या बाजूवर मात्र बोटभर अडला.

"बघ! हा तुझा फुगवटा. डोळे फुटले होते का?"

धाकट्याने हातोडी खाली ठेवली.

"तू साचा लावलास?"

"लावला. मग?"

"मला सांगायचं होतंस, दादा."

"का म्हणून?"

डांबर लावायला आलेली, त्यांनीच बांधलेली एक जुनी होडी कोपऱ्यात होती. धाकट्याने तिकडे हात केला. "तिला लावून बघ."

थोरला तणतणत गेला. साचा डावीकडे, म्हणजे त्याच्याच बाजूला, बोटभर अडला. उजवीकडेही तेवढाच. त्याने गुडघ्याने साचा दाबून पाहिला. तो काही दबला नाही.

"नजरेने तासलेली तुझी बाजू बोटभर जास्त भरते," धाकटा म्हणाला, "म्हणून मी माझीही तेवढीच भरतो. दोन्ही सारख्या झाल्या की होडी सरळ जाते."

"कधीपासून?"

"वडील गेल्यापासून."

"आणि तोंड शिवलं होतं तुझं?"

"एकदा बोललो होतो. तू रंधा फेकून मारलास."

थोरल्याला ते आठवेना, म्हणून तो आणखीच भडकला. भावावर, साच्यावर, आणि इतकी वर्षं त्याच्या नजरेची तारीफ करणाऱ्या सगळ्या गावावर. लाजही वाटत होती, पण तिलाही रागाचाच आवाज होता.

"काय मिस्त्री," फाटकातून नावाडी ओरडला, "सापडली का खोट? कुणाची बाजू?"

नव्या होडीच्या उजव्या बाजूवर साचा टेकवून दाखवला असता, तर सगळा दोष धाकट्याच्या माथी गेला असता.

"माझी!" थोरला खेकसला. "माझी बाजू चुकली. उद्या या!"

धाकटा बघतच राहिला.

"तोंड काय बघतोस माझं? पहार आण, माझ्या बाजूच्या फळ्या उकलायच्यात."

धाकट्याने पहार आणली. थोरल्याने ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली आणि स्वतःच खाली बसला.