पश्चिमेचे पाच

गोपिका शाळेत खेळ शिकवायची. मी गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या ठोक दुकानात एकतीस वर्षं थानं मोजली. बास्केटबॉल तिचा. लग्नाआधी मला त्यातलं काही कळत नव्हतं. नंतर तिच्यामुळे सकाळी अमेरिकेचे सामने पाहायला लागलो.

तिथे रात्र असते तेव्हा आपल्याकडे सकाळ. पूर्वेकडच्या शहरांचे सामने आपल्या साडेपाचला लागतात, पश्चिमेकडचे साडेआठला. साडेआठला मी आंघोळीला जायचो, मग डबा घेऊन स्कूटर काढायचो. म्हणून पूर्वेचे खेळाडू मला माहीत आणि पश्चिमेचे तिला. ती दुपारच्या शाळेत होती.

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी लोकांची मतं घेतात. पूर्वेचे पाच, पश्चिमेचे पाच. मत फोनवर द्यायचं, रोज एकदा देता येतं. आमची वाटणी ठरलेली होती. पूर्वेचे पाच मी सांगायचो, पश्चिमेचे ती. बोट तिचं.

"तुमाले फक्त पॉइंट दिसतात," ती म्हणायची. "ज्यानं बॉल टाकला तो दिसते, ज्यानं बॉल दिला तो नाही दिसत."

"पॉइंटावरच जिंकतात वं."

"हो, तुमच्या गांधीबागेत."

ऑक्टोबरात तिला दवाखान्यात ठेवलं. सीझन नुकताच सुरू झाला होता. तिथे टीव्ही नव्हता. औषधाच्या चिठ्ठीमागे तिने पेन्सिलीने पाच नावं लिहिली आणि माझ्या खिशात घातली. "मतदानाले वेळ आहे, पण तुम्ही विसरता," म्हणाली. पाचव्या दिवशी ती गेली.

चिठ्ठीवर लिहिलं आहे: पोस्टमन, डावखुरा, झाडूवाला, लंबू, बाबाराव.

तिची ती सवय होती. शाळेतल्या मुलींनाही ती टोपणनावं द्यायची आणि त्याच नावाने मैदानावर हाका मारायची. टीव्हीवरच्यांनाही तसंच. खरी नावं आमच्या घरात कुणी घेतली नाहीत. त्यामुळे मला ती माहीत नाहीत.

डिसेंबरात मतदान सुरू झालं. मी दुकान सोडलं होतं. साडेपाचला टीव्ही लावायचो आणि बंद करायचो दुपारी. पश्चिमेचे सामने पहिल्यांदाच पूर्ण पाहिले. पोस्टमन दुसऱ्याच दिवशी सापडला. तो ज्याच्या त्याच्या हातात बॉल नेऊन देतो, स्वतः टाकतच नाही. डावखुरा सोपा होता. झाडूवाला बास्केटखाली पडलेलं सगळं गोळा करतो. लंबूला वेळ लागला, कारण तिथे सगळेच लंबू. शेवटी एक असा दिसला की बाकीचे त्याच्या खांद्याला लागत होते.

बाबाराव सापडला नाही.

बाबाराव म्हणजे तिचे मोठे भाऊ, पारशिवनीला शेती करतात. त्यांच्यावरून कुणाला तरी नाव दिलं एवढं कळत होतं. पण त्यांच्यासारखा दिसणारा किंवा खेळणारा एकही माणूस पश्चिमेच्या टीमांमध्ये दिसेना. नुसत्या चौघांवर मी मत पाठवलं नाही. तिने पाच लिहिले होते. चार पाठवले तर ती काय म्हणाली असती ते मला माहीत होतं.

बाबारावांना विचारता आलं असतं. पण तेराव्यापासून आमचं बोलणं नव्हतं. गोपिकाला भरती केलं तेव्हा मी त्यांना कळवलं नाही. दोन दिवसांत घरी येईल असं वाटलं, उगाच त्यांना कापूस वेचणीतून कशाला ओढा. ते थेट घाटावर आले. तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "मायी बहीण होती ते. मले काहून नाही सांगितलं?" ते न जेवता गेले.

मतदानाचे तीन दिवस उरले तेव्हा फोन लावला.

"कोण?"

"मी रुपराव."

मागे बैलाची घंटा ऐकू आली.

"बोला जवाईबापू."

"भाऊ, गोपिकाने एका खेळाडूला तुमचं नाव ठेवलं होतं. बास्केटबॉलच्या. तो कोण, तुम्हाला माहीत आहे का?"

"तीन महिन्यांनी फोन केला, अन् हे विचाराले?"

"हो."

ते हसले की खोकले ते कळलं नाही. "माहीत आहे ना. फोटू धाडला होता तिनं मले. म्हणे, दादा, अमेरिकेत तुमचा जुळा भाऊ सापडला, यंदा मत यालेच. डोक्शावर टॉवेल घेऊन बसला आहे, अन् तोंड असं, जशी वाळाले घातलेली मिरची पावसात भिजली."

"पण तो मला कुठे दिसला नाही."

"दिसन कसा? पाय मोडला त्याचा. पूरं साल खेळत नाही म्हणे. नुसता बसून राह्यते बाजूले."

"मग त्याला काहून निवडला?"

"मलेही इचारायचं होतं तिले," बाबाराव म्हणाले. "वेळ कुठं भेटला?"

मी खुर्चीवर बसलो. "चुकलं भाऊ माझं. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळवायला पाहिजे होतं."

घंटा वाजत होती.

"फोटू पाठवून राहिलो," म्हणाले आणि फोन ठेवला.

फोटो आला. आमच्याच टीव्हीचा होता. बेंचावर साध्या कपड्यांत एक माणूस, डोक्यावर पांढरा टॉवेल, खाली पाहणारा. खरंच बाबाराव. खाली गोपिकाने त्याचं खरं नाव टाइप केलं होतं. फोटो मोठा करून पाहिला. टीव्हीच्या काचेत फोन धरलेला तिचा हात दिसत होता, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ.

ती असती तर मी भांडलो असतो. जो वर्षभर खेळणार नाही त्याला मत म्हणजे वाया. ती काहीतरी उत्तर देणार, मी आंघोळीला जाणार. ते उत्तर काय असतं याचा मी बराच विचार केला. मला सुचलं नाही. पॉइंटांवरून तर नक्कीच नसतं.

तिचा फोन चार्जिंगला लावला. पूर्वेचे माझे पाच भरले. पश्चिमेचे चार भरले. मग यादीत टॉवेलवाल्याचं नाव शोधलं. यादीतल्या फोटोत त्याच्या डोक्यावर टॉवेल नव्हता, तो चक्क हसत होता. त्याच्यावर बोट ठेवलं आणि मत पाठवलं. दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. तिसऱ्या दिवशीही.

निकाल लागला. माझ्या पाचांतले तिघं आले. तिचे पोस्टमन आणि लंबू आले. बाबारावचं नाव कुठेच नव्हतं.

संध्याकाळी पारशिवनीहून फोन आला.

"काय झालं जवाईबापू? लागला काय माया नंबर?"

"नाही भाऊ."

"पडलो?"

"पडले."

"किती मतं होती माया मागं?"

"बाकीच्यांची माहीत नाही. आपली तीन होती."

"सामना कधी आहे?"

"फेब्रुवारीत. पहाटे लागेल."

"मंग मी आदल्या दिवशी येतो," बाबाराव म्हणाले. "डावा-उजवा सांगा लागन मले. काहीच समजत नाही त्यातलं."

"पूर्वेचं सांगेन," मी म्हणालो. "पश्चिमेचं मीच आता शिकून राहिलो."