दोन चाकं फुटपाथवर

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. मोटार म्हणवून घेतानाही आता जीभ अडखळते, कारण जी चालते ती मोटार. माझे टायर बसले आहेत, उजवा दिवा फुटला आहे आणि मी अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी आहे. वर्गात शिक्षा झालेली मुलं उभी राहतात ना, तशी. फरक एवढाच, की मला कुणी शिक्षा केलेली नाही. त्यामुळे ती संपतही नाही.

मी पहिल्यापासून अशी नव्हते. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग दुधासारखा होता. मला न्यायला आले ते औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांनी माझं दार दोनदा उघडून मिटलं, आरसा स्वतःच्या रुमालाने पुसला आणि मग हॉर्न दाबला. माझा हॉर्न किरटा नव्हता आणि भसाडाही नव्हता. एखाद्या भारदस्त माणसाने "अहो, जरा सरका" म्हणावं, तसा तो वाजे. गल्लीतल्या मुलांनी लगेच मालकांचं नाव भोंपूकाका ठेवलं. केस पांढरे झाल्यावर त्यांचे भोंपूआजोबा झाले, पण भोंपू काही सुटला नाही.

माझ्या पोटातून औषधांची खोकी गेली आणि माणसंही गेली. कुणाचा पाय मोडला, कुणाच्या छातीत कळ आली, कुणाचे दिवस भरले, की गल्लीतलं माणूस आधी भोंपूकाकांचं दार वाजवी. "काका, गाडी काढता का?" एवढंच विचारायचं. काका चप्पल घालता घालता किल्ली शोधत. माझा हॉर्न रस्ता मोकळा करी. गल्लीतली निम्मी मुलं दवाखान्यातून घरी आली ती माझ्याच मागच्या सीटवर.

त्यातली शेवटची म्हणजे मालकांची नात. मालकांची सून मागे बसली होती. तिने त्या गाठोड्याला दोन्ही हातांनी असं धरलं होतं, की जणू वाराही चावेल. "बाबा, हळू हं. खड्डा आहे पुढे. बाबा, तो सायकलवाला बघा." मालक म्हणाले, "अगं सूनबाई, गाडी मी चालवतोय की तू?" पण त्या दिवशी त्यांनी सगळा रस्ता एकदाही हॉर्न दाबला नाही. बाळ झोपलं होतं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली फेरी. शेवटचीही तीच. पुढे माझं इंजिन बसलं. मेकॅनिकने झाकण उघडलं, मान हलवली आणि झाकण मिटलं. मालकांना मला भंगारात देववेना. मी दारासमोर ताडपत्री पांघरून उभी राहिले. मांजरीने माझ्याखाली पिल्लं घातली. मला राग आला नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडत होते.

आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, कुंपणाच्या भिंतीआड एक मोकळी जागा होती. एके दिवशी तिथे खुंट्या रोवल्या गेल्या आणि बातमी आली की शाळा होणार. झालं. संध्याकाळी गल्ली आमच्या अंगणात जमली. कुणी माझ्या बॉनेटला टेकलं, कुणी माझ्या टपावर चहाचा कप ठेवला.

त्यांच्या काळज्या खोट्या नव्हत्या, हे मी आजही सांगेन. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींना खिडकीतून येणारा उजेड हवा होता. इमारत उभी राहिली की त्यांच्या सुईत दोरा कसा जाणार? कोपऱ्यावरच्या वकिलांच्या आई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांना आवाज सोसत नसे. मालकांच्या नातीला धुळीने खोकला होई.

"धूळ, गोंगाट आणि गाड्या," मालक बोटांवर मोजत म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ गाड्यांची रांग लागेल. एखादं पोर सापडेल चाकाखाली, मग बसा डोक्याला हात लावून."

सून चहा देत होती. ती हळूच म्हणाली, "पण बाबा, शाळा दारात आली तर आपल्या पिल्लूचा बसचा प्रवास वाचेल."

"सूनबाई, तू शिकलेली आहेस. तरी असं बोलतेस?" मालक म्हणाले, आणि ती गप्प बसली. घरात वाद नको म्हणून पुष्कळदा गप्प बसणाऱ्यांपैकी ती होती.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या होणाऱ्या मुख्याध्यापिका स्वतः घरोघर आल्या. आमच्याकडे त्या पायरीवरच बसल्या. मावशींसाठी इमारत रस्त्यापासून आत सरकवू म्हणाल्या. धुळीसाठी पाणी मारू म्हणाल्या. मालकांनी शेवटचा बाण काढला. "आणि हॉर्न? तुमची माणसं दिवसभर पीं पीं करणार. पलीकडे म्हातारी बाई आजारी आहे."

"आमच्या माणसांकडून या गल्लीत हॉर्न वाजणार नाही," बाई म्हणाल्या. "शब्द देते."

त्या गेल्यावर जमलेल्या शेजाऱ्यांतले वकील हसले. "हॉर्नचा शब्द. आणि तो कुणाला दिला, तर भोंपूला."

सगळे हसले. मालकही हसले. पण त्यांचं मन काही वळलं नाही. रस्ता शाळेला पुरेसा रुंद आहे की नाही हे बघायला मोजणीवाले साहेब येणार असं कळलं, तेव्हा वकिलांनी युक्ती काढली. सगळ्यांनी आपापली गाडी त्या दिवशी रस्त्यावर लावायची, शाळेच्या बाजूला. रस्ता दिसला पाहिजे बोळासारखा.

माझी ताडपत्री निघाली. किती दिवसांनी मला कुणाचा तरी हात लागला. चौघांनी ढकलत मला पलीकडे नेलं आणि जिथे शाळेचं फाटक होणार होतं त्या जागेला लागून, दोन चाकं फुटपाथवर चढवून उभं केलं. खरं सांगू? मला आनंद झाला. वाटलं, पुन्हा माझं काम निघालं. गल्लीला माझी गरज आहे.

साहेब आले. त्यांनी फीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत धरली. वकील म्हणाले, "साहेब, या गाड्या नाही का मोजणार?"

"गाड्या काय, आज आहेत उद्या नाहीत," साहेब म्हणाले. "मी भिंती मोजतो."

दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या गाड्या कामावर गेल्या. मी कुठे जाणार? मला परत ढकलायला कुणी आलं नाही. मग त्याचीच जिद्द झाली. "राहू दे तिथेच. आमची गाडी, आमची गल्ली," असं मालक म्हणू लागले.

शाळा झाली. इमारत खरोखर आत सरकवलेली होती, मावशींचा उजेड शाबूत राहिला. मालकांची नातही तिथेच जाऊ लागली, कारण या एका बाबतीत सून गप्प बसली नाही. मुलं फाटकातून बाहेर पडत आणि फुटपाथने चालू लागत. लगेच समोर मी. मग ती माझ्या नाकाला वळसा घालून रस्त्यावर उतरत. माझ्या आडून निघालेलं मूल येणाऱ्याला दिसत नसे, आणि मुलाला येणारा दिसत नसे.

हे सगळ्यात आधी सुनेने पाहिलं. ती रोज उंबऱ्यात उभी राहून बघत असे. एकदा तिने म्हटलंही, "बाबा, गाडीच्या आडून मुलं एकदम पुढे येतात. भीती वाटते हो."

"वाटू दे की. लोक गाड्या हळू चालवतील," मालक म्हणाले. "तेवढंच तर हवंय आपल्याला."

ती पुन्हा बोलली नाही. फक्त उंबऱ्यातून पुढे येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहू लागली.

त्या दुपारी शाळा सुटली. नात बाहेर आली. तिच्या हातात कागदाचं काहीतरी रंगवलेलं होतं. पलीकडे आई दिसताच ते उंच धरून ती धावत निघाली, माझ्या आडून, सरळ रस्त्यात. त्याच वेळी शाळेतल्या एक तरुण शिक्षिका स्कूटरवरून येत होत्या. ताप आलेल्या एका मुलाला त्या घरी सोडून आल्या होत्या. मी त्यांना पाहिलं. नातीलाही पाहिलं. त्या दोघींना एकमेकी दिसत नव्हत्या, कारण मध्ये मी होते.

मित्रांनो, माझ्याजवळ तो भारदस्त हॉर्न होता. पण बॅटरी केव्हाच मेली होती.

शिक्षिकांनी ब्रेक दाबला, स्कूटर वळवली आणि ती माझ्यावर आदळली. माझा दिवा फुटला. त्यांचा हात मोडला. नातीचा गुडघा खरचटला, बाकी काही नाही. सुनेने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं.

गल्ली जमली. शिक्षिकांना दवाखान्यात नेलं, तेही दुसऱ्याच्या गाडीतून. मग मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? शाळा आली की हे होणार." वकिलांनी मान डोलावली. कुणाचं लक्ष माझ्या दोन चाकांकडे गेलं नाही.

दोन दिवसांनी शिक्षिका आपली स्कूटर न्यायला भावाला घेऊन आल्या. हात गळ्यात बांधलेला. मालक तरातरा रस्ता ओलांडून आले. "बाई, हॉर्न का नाही दिलात? एक हॉर्न दिला असतात तर पोर थांबली असती."

शिक्षिका ओशाळल्या. "चुकलंच आजोबा. बोट गेलं होतं हॉर्नवर. पण आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलंय, या गल्लीत हॉर्न नाही, आजारी आजी आहेत, शब्द दिलाय. इतकी सवय झाली की बोट तिथेच थांबलं. मग ब्रेकच दाबला." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुमचा दिवा फुटला माझ्याकडून. मी बसवून देते."

मालकांनी वाकून माझी फुटपाथवरची दोन चाकं पाहिली. त्यांनी माझ्या टपावर हात ठेवला. 

सून मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मला दिसत होतं. रोज दिसत होतं. मी एकदाच बोलले."

"तू एकदा तरी बोललीस," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीने मला ढकललं. मी हलेना, टायर जमिनीला चिकटले होते. वकील वाकले, मावशींनी पदर खोचला, मालक स्टिअरिंग धरून चालले. सगळे खाली बघत होते. मी हलले तेव्हा माझ्याखालून एक चेंडू निघाला, एक खोडरबर निघालं, केसांची एक रिबीन निघाली. मुलांचे हात माझ्याखाली पोहोचले नसतील. आणि जागा मोकळी झाल्यावर दिसलं, फुटपाथ चांगला रुंद होता. दोन मुलं हातात हात घालून सहज जातील एवढा.

मला अंगणात आणलं. शिक्षिकांनी खरंच दिवेवाल्याला धाडलं. मालकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "राहू दे तो फुटका," ते म्हणाले. "मला रोज दिसू दे."

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. उभ्या गाडीच्या आडून कधी धावत निघू नका, आई समोर उभी असली तरी. आणि घरी गेल्यावर तुमच्या मोठ्या माणसांना विचारा, आपली गाडी कुठे लावली आहे. वाकून बघा म्हणावं, चाकं कशावर आहेत ते.

शाळा सुटली की इथून मला मुलांची पावलं ऐकू येतात, फुटपाथवरून सरळ जाणारी. सून अजूनही रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहते. आता तिच्या शेजारी भोंपूआजोबाही असतात. येणाऱ्या गाडीला ते हात दाखवून थांबवतात, तोंडाने काही बोलत नाहीत. परत येताना त्यांना माझ्या शेजारून यावं लागतं. तेव्हा ते माझ्या फुटक्या दिव्याकडे बघतात, आणि मी भिंतीकडे.