टाचेचं मलम

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी डबी आहे. माझं झाकण सैल झालं, पण राग अजून तसाच आहे.

शाहू महाराज गादीवर होते आणि राधानगरीला धरणाचं काम नुकतंच सुरू झालं होतं, त्या काळातली ही गोष्ट. इलाही कलईगारानं मला तांबटाकडून विकत घेतलं, आतून चांदीसारखी कलई केली आणि बायकोला, रोशनबीला दिलं. तिच्या कोनाड्यात मिश्रीच्या डबीशेजारी मला जागा मिळाली.

माझं काम मलम आणायचं. इलाही मला कोल्हापुरातल्या पेठेच्या दवाखान्यात न्यायचा आणि सांगायचा, घरात टाचा फुटल्यात. कंपाउंडर गणपतराव मलम भरायचे, माझी कलई वाखाणायचे. मी फुगून जायचे. आज त्या फुगण्याची मला चीड येते.

कारण रोशनबीच्या टाचेला त्यातलं बोटभर मलमही कधी लागलं नाही. तिची खाज लघवीच्या जागी होती. तिथल्या बाहेरच्या कातडीवर पांढरे, जाड चट्टे उठले होते. नाव घेतलं म्हणून कानांवर हात ठेवू नका, मित्रांनो. तेही शरीरच आहे.

मलम लावलं की खाज दोन दिवस थांबायची आणि पुन्हा सुटायची. महिन्याभरात मी रिकामी. गणपतरावांनी एकदा इलाहीला विचारलं, "रोशनबी रोज पन्हाळा चढून उतरती काय?" दोघंही हसले. टाच बघायला मात्र कुणी मागितली नाही. अशी तीन वर्षं गेली.

मग दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मला उचललं, इलाहीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं मलम कुठली टाच खात नाही. डबी इथंच राहील. बाईंना घेऊन या."

इलाही तणतणत गेला. घरी त्यानं दवाखान्यात चल म्हटलं, तेव्हा रोशनबीनं टाच बरी झाली म्हणून सांगितलं. हे मला पुढे कळलं. मी दीड वर्ष दवाखान्याच्या फळीवर धूळ खात पडले आणि वाट बघत राहिले. ती आली नाही.

शेवटी तिला आणलं सुनेनं. मेहमुदानं धुण्यात रक्ताचे डाग पाहिले आणि सासूला हाताला धरून टांग्यात बसवलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड तपासलं. मग विचारलं, "टाच का सांगितलीत?"

रोशनबी म्हणाली, "दवा आणायला मालक जात हुते, बाई. त्यांच्या तोंडात ती जागा कशी द्यायची?"

मग डॉक्टरीणबाईंनी मेहमुदाला बाजूला नेऊन समजावलं. असे चट्टे कधी वर्षानुवर्षं तसेच राहतात, कधी बिघडून त्यांचा कर्करोग होतो. कुठला बिघडेल हे वरून सांगता येत नाही, म्हणून पुनःपुन्हा बघावे लागतात. वेळेत कापून काढले तर बाई जगू शकते, आणि कापल्यावरही दाखवायला यावं लागतं. तंबाखूचा त्यांना संशय होता, म्हणून मिश्री त्यांनी मेहमुदालाही सोडायला लावली. रोशनबीच्या चट्ट्याची मात्र आता गाठ झाली होती आणि ती जांघेत उतरली होती.

त्या दिवशी मेहमुदानं मला परत घरी नेलं. पुढच्या मोहरमच्या आधी रोशनबी गेली. इलाही भेटेल त्याला सांगायचा, बायको टाचेनं गेली. ते खोटं आहे हे घरात एकट्या मेहमुदाला माहीत होतं, आणि तीही गप्प राहिली. मला तिचासुद्धा राग येतो.

मित्रांनो, तुमच्या आईला, आक्काला, आजीला असं काही झालं तर डबी पाठवू नका. तिला स्वतःला न्या. दाराशी थांबा, पण आत तिला एकटीला जाऊ द्या आणि तिचं दुखणं तिच्याच तोंडानं सांगू द्या. ती बाहेर आली की काय झालं म्हणून खोदून विचारू नका. एवढंच विचारा, पुन्हा कधी यायचं. आणि त्या दिवशी तिला परत आणा.